घट बसलेले असताना

अंबडच्या पुढे एसटी जात नव्हती. दुधाच्या एका टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून मी गावात पोचले तेव्हा दुपार झाली होती आणि नदी मारुतीच्या पाराला लागली होती. वरच्या तलावाचा बांध खचतोय, खालच्या गल्लीने लगेच शाळेत जावं, असा सरपंचांचा निरोप सकाळपासून भोंग्यावर चालू होता. खालची गल्ली म्हणजे आमची. बाबा फोन उचलत नव्हते. ते काय करत असतील हे मला जालन्यात बसूनच कळलं होतं, म्हणून तर कंपनीत रजाही न टाकता चिडून निघाले होते.

घरात शिरले तर बाबा घटासमोर मांडी घालून बसलेले. अर्धं नवरात्र झालं होतं. परडीतल्या मातीत धान तरारून आलं होतं, वर झेंडूची माळ, शेजारी समई. आई गेल्यापासून हा घट ते स्वतः बसवतात. दसऱ्यापर्यंत दिवा विझू द्यायचा नाही आणि घट जागचा हलवायचा नाही. आईने कधी हलवला नाही, मग हे कसे हलवतील?

"बाबा, उठा."

"तू कशाला आली इतक्या पावसाची? उपवास असंल ना तुला? भगर हाय, खाय."

"पाणी पाराला लागलंय. उठा म्हणून राह्यले ना!"

"घट बसलाय, मीना. तो उठला की मंग मीबी उठतो."

मी सगळं करून पाहिलं. हात जोडले, ओरडले, नातवाची शपथ घातली. तलाव फुटला तर घटासकट वाहून जाल, म्हणाले. त्यावर त्यांनी समईत सावकाश तेल ओतलं. असा संताप आला मला! देवीचा नाही, ह्यांचा. मी सारखी दारात जाऊन पाणी बघून येत होते. आधी ते गल्लीच्या तोंडाशी होतं, मग समोरच्या ओट्याच्या पायरीशी, मग आमच्या उंबऱ्याशी. आणि आत यावं तर बाबा तसेच, मांडीसुद्धा बदललेली नाही. उचलून न्यावं म्हटलं तर गडी अजून दारात वाकून शिरतो एवढा उंच.

तेवढ्यात बाहेरून चतुराबाईचा आवाज आला. चतुराबाई आमच्या भावकीतली, बाबांच्या थोरल्या चुलतभावाची बायको. मला ती लहानपणापासून आवडत नाही. गावभर हुकूम गाजवायचा आणि दुसऱ्याच्या चुलीपर्यंत नाक खुपसायचं, हा तिचा स्वभाव. मागच्या मोठ्या पुरात तिचा नवरा वाहून गेला. तेव्हाही नवरात्रच होतं. शाळेकडे निघालेला माणूस अर्ध्या वाटेवरून दिव्यासाठी माघारी फिरला, फार हट्टी होता, असं गाव सांगतं. तेव्हापासून पावसाने जोर धरला की ही बाई खालची गल्ली पिंजून काढते. आताही ती पदर खोचून, काठी टेकत, पाण्यातून आली. मनगटात एक न पेटवलेला कंदील अडकवलेला, हातात एक पेटलेला.

माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

"भाऊजी, दिवा न्यायला आले."

बाबांनी मान वर केली.

"समद्या घरचे दिवे शाळेत नेऊन राह्यलो. घट हलवायचा न्हाई, बराबर हाय तुमचं. पर दिव्यानं दिवा लावला की देवी तिकडंबी बसती. माळ तिथं घालायची, आरती तिथं करायची."

"मंग तुम्हीच न्या, वहिनी."

"माझ्याच्यानं पेटलेले दोन न्हाई संभाळत. पाय सरकला तर दोन्ही जातील. तुमचा तुम्ही धरा."

आणि मला दाराआड ओढून ती दबक्या आवाजात म्हणाली, "कवाची नीघ नीघ म्हणून राह्यली तू त्यांला. नुसत्या जिवासाठी न्हाई निघत माणूस. हातात कायतरी दिलं की निघतं. आता बिलकुल गप ऱ्हा."

मी जन्मात पहिल्यांदा तिचं ऐकलं. बाबांनी समईवरून वात पेटवली, कंदील लावला, धोतराच्या सोग्याने काच पुसली, घटाला हात जोडले, समईत पुन्हा तेल घातलं. "जल्दी करा" असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं, तर चतुराबाईने डोळे वटारले.

निघालो. गल्लीत पाणी मांडीला लागत होतं. पुढे चतुराबाई, मध्ये कंदील छातीशी धरलेले बाबा, मागे मी. शाळेचा चढ समोर दिसत होता. चावडीच्या कोपऱ्यावर बाबांचा पाय खड्ड्यात गेला, ते कलले, आणि कंदिलात पाणी शिरलं. दिवा विझला.

बाबा थांबले. "घरी समई चालू हाय. लावून आलोच."

ते वळलेसुद्धा. मी मागून सदरा धरला, तो टरकन फाटला.

"माझ्यावरनं लावा की!" चतुराबाई ओरडली.

"तो तुमच्या घरचा. मला हिच्या आईच्या समईवरचा पायजे."

चतुराबाई माघारी आली आणि त्यांच्या वाटेत उभी राहिली. तिचा नेहमीचा चढा आवाज कुठे गेला कोण जाणे.

"भाऊजी, तुमच्या भावाचाबी इथंच विझला होता."

बाबांनी कंदील छातीशी घट्ट धरला.

"ते तर चालले होते शाळेला. म्हणले, ऱ्हाऊ दे आता, चल. मी म्हणले, न्हाई, देवी कोपंल, जा, लावून आणा. मीच धाडलं त्यांला. गाव म्हणतं, हट्टी होते. हट्टी मी होते."

इतकी वर्षं गाव मेलेल्या माणसाला नावं ठेवत होतं आणि ही ऐकून घेत होती. मला तिचा भयंकर राग आला, आणि तिला जवळ घ्यावं असंही वाटलं. पाणी कमरेकडे सरकत होतं.

"मंग... देवी काय म्हणाली, वहिनी?" बाबांनी विचारलं.

"देवी कवाच काई म्हणाली न्हाई, भाऊजी. मीच म्हणले."

बाबा एकदा घराकडे बघून शाळेच्या दिशेने वळले. विझलेला कंदील तसाच छातीशी धरून ते चढू लागले. मी त्यांच्या पाठीला हात लावून ढकलत होते आणि रडत होते, हे मला वर पोचल्यावर कळलं.

आम्ही शाळेच्या पायऱ्यांशी आलो आणि खालून मोठा आवाज झाला. तलावाचं पाणी होतं ते. आमच्या दारातून आत शिरलं आणि मागची भिंत घेऊन बाहेर पडलं. बाबांनी सगळं पाहिलं. गल्लीतल्या बाया मोठ्याने रडायला लागल्या, पण ते पायरीवर खाली बसले. कंदिलातलं पाणी त्यांनी झटकून काढलं, वात पिळली, फाटक्या सदऱ्याने काच पुसली. चतुराबाई जरा लांब, भिंतीला टेकून, कोणाकडेही न बघता उभी होती. बाबा उठून तिच्याजवळ गेले आणि कंदील पुढे केला.

"वहिनी," ते म्हणाले, "लावा तुमच्यावरनं."

तिने आपल्या कंदिलाची काच वर केली; ओली वात पेटायला बराच वेळ लागला.