खिडकीतली कासवीण

लेकीने घरच्या लाडक्या कार्टून सिनेमाची नवी, जास्त स्पष्ट चित्राची फोर-के डिस्क आणून लावली, तेव्हा बाबांनी डोळे गच्च मिटले. बदकाचं पिल्लू होडीतून निघतं, त्या प्रसंगात मागे एका खिडकीत कासवीण हात हलवते. जुन्या डिस्कवर ती इतकी पुसट दिसायची, की तिच्यावरून नवराबायकोचं वीस वर्षं वाजत आलं होतं. बायको म्हणायची, निरोप देतेय. बाबा म्हणायचे, काच पुसतेय. बायको जाऊन चार महिने झाले होते. आता ती खोटी ठरली तर?

"बाबा, डोळे उघडा की!"

त्यांनी उघडले. चित्र आरशासारखं लख्ख होतं. कासविणीच्या हातात चौकड्यांचं फडकं होतं.

"जिंकलात! आई असती तर दोन दिवस अबोला धरला असता."

बाबांनी प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहिला.

"जिंकलो कसला? काच पुसता पुसता तिला होडी दिसली, म्हणून फडक्यासकट हात हलवला. तुझी आई बरोबरच सांगत होती."

"तुम्ही कधीपासून आईच्या बाजूने?"

"आजपासून. तिची बाजू मांडायला आता दुसरं आहे कोण?"