मंद चाल

रुदैनानं माउस डावीकडून उजवीकडे सर्रकन ओढला, तिचं कोपर शेजारच्या पेल्याला लागलं आणि सगळा चहा कुतैबाच्या मांडीवर सांडला.

"माउस चालवतेस की अंगण झाडतेस?" कुतैबा पँट झटकत उठला. "अगं बाई, इथं माणसंही बसलीयत!"

"मागून दोघं येत होते. मारले ना?"

"मारलेस. तिसरा मी. भाजून मेलो."

बाकीची पोरं खिदळली. उस्ताद औनी मात्र हसले नाहीत. जॉर्डनमधल्या इर्बिद शहरात, विद्यापीठ रस्त्यावरच्या या गेमिंग कॅफेत पाच जणांचा संघ त्यांनी बांधला होता. येत्या शनिवारी अम्मानला त्या संघाची पहिली मोठी स्पर्धा होती. ते येऊन रुदैनाच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"जुनी चाल परत लावलीस."

चाल म्हणजे माउसची सेन्सिटिव्हिटी. हात किती हलवला की पडद्यावरची नजर किती वळते, ते प्रमाण. जलद चालीत मनगट जरासं मुरडलं की खेळाडू गर्रकन मागे वळतो. रुदैनाची चाल इतकी मंद होती, की मागे वळायचं तर तिला अख्खं टेबल पालथं घालावं लागे. उस्तादांनी कुठल्याशा विजेत्याचा आकडा शोधून काढला होता आणि पाचही जणांना तोच ठेवायला सांगितला होता. एक संघ, एक चाल. आठवडाभर रुदैनानं तो आकडा पाळला आणि आठवडाभर तिचा नेम चुकत राहिला.

"त्या चालीत माझा नेम थरथरतो, उस्ताद."

"नेम नाही थरथरत, तू थरथरतेस. घाबरतेस." ते समजुतीच्या सुरात बोलले, आणि तेच तिला जास्त लागलं. "होतं असं. मुलीची जात, त्यात पहिलीच स्पर्धा. आकडा बदल. नाहीतर शनिवारी राहू दे, कुतैबाचा चुलतभाऊ बसेल तुझ्या जागी."

रुदैनानं माउसवरचा हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हातानं दाबून धरला. मग तिनं तो सोडला.

"घाबरते म्हणालात?"

"त्यात लाज कसली?"

ती उठली. काउंटरवर खाण्याच्या पदार्थांचे छापील कागद पडलेले असत, त्यातला एक तिनं उचलला. उजवा हात समोर ताठ धरला, तळवा खाली, आणि कागद बोटांवर ठेवला. कागदाच्या कडा फडफडू लागल्या.

"वर पंखा आहे," कुतैबा म्हणाला.

"बंद कर."

पंखा थांबला. कागद थांबला नाही.

"सकाळी उठल्यावर हा असाच असतो. मैत्रिणीच्या लग्नात नाचतानाही असाच असतो. मी कुणाला घाबरत नाही, उस्ताद. हातच असा आहे. माझ्या बाबांचा आहे, तसाच."

तिचे बाबा, नवाफ न्हावी, सगळ्यांच्या ओळखीचे होते. तिथल्या निम्म्या पोरांची जावळं त्यांनीच काढली होती. दुकान बंद केलं तेव्हा त्यांनी गावभर सांगितलं होतं, की डोळे अधू झालेत.

"मंद चालीत हाताची थरथर पडद्यापर्यंत पोचत नाही," रुदैना म्हणाली. "मी खांद्यातून हात फिरवते, म्हणून जागा लागते. हा आकडा मला कुणी दिलेला नाही. अख्खा हिवाळा गेममधल्या भिंतीवर गोळ्या मारून मी तो शोधलाय. कुतैबा, बस. एकास एक."

ओल्या पँटीनिशी कुतैबा बसला. तो मेला. पुन्हा मेला. मग त्यानं हात वर केले. "पुरे. मला आईला तोंड दाखवायचंय."

उस्तादांनी तिचा तो कागद उचलून त्याची घडी घातली. "अम्मानची टेबलं अरुंद असतात."

"टेबलाचं मी बघते. शनिवारी मी माझ्याच चालीनं खेळणार. दुसरी चाल हवी असेल, तर दुसरा खेळाडू बघा."

"उद्या सरावाला वेळेवर ये," एवढंच ते म्हणाले.

बातमी तिच्या आधी घरी पोचली होती. बाबा दारातल्या खुर्चीवर बसले होते, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून.

"कॅफेत तमाशा केलास म्हणे."

"तमाशा नाही केला. खरं ते सांगितलं."

"तुझं खरं तू सांग. माझं कशाला सांगितलंस?" त्यांचा आवाज चिरला. "इतकी वर्षं लोक विचारतात, नवाफ, डोळे कसे आहेत? मी म्हणतो, आहेत तसेच, देवाची मर्जी. आता काय सांगू? अधू डोळ्यांची लोक कीव करतात, पोरी. थरथरत्या हातांना हसतात. आणि तुझ्यासाठी या दारात कोण येणार, हा विचार केलास?"

"नाही आलं कुणी तरी चालेल. हसायचं त्यांनी हसावं. पण मी भित्री म्हणवून घेणार नाही."

"म्हणजे मी भित्रा?"

तिच्या मनात तसं नव्हतं. पण आता ते बोलणं झालं होतं, आणि ते मागे घ्यायला तिची जीभ वळेना.

"मी माझ्यापुरतं बोलले, बाबा," ती म्हणाली. तिनं मान खाली घातली नाही.

त्या रात्री ते जेवायला उठले नाहीत. नंतरही तिच्याशी कामापुरतंच बोलले.

शनिवारी सकाळी ती बसथांब्यावर पोचली, तर ते आधीच तिथं उभे.

"एकटी निघाली होतीस?"

"संघ आहे ना बरोबर."

"चार पोरं आणि तो औनी. याला संघ म्हणतात?" म्हणत ते बसमध्ये चढले, सगळ्यात पुढची जागा धरून बसले आणि अम्मान येईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

टेबलं खरंच अरुंद होती. रुदैनानं की-बोर्ड उचलून उभा तिरका केला, अर्धा टेबलाच्या कडेबाहेर, आणि माउससाठी जागा काढली. पंच लगबगीनं आले.

"असा कुणी ठेवतं का?"

"ठेवू नये, असं नियमात कुठं आहे?"

पंच जाऊन कुणाशी तरी बोलून आले आणि खांदे उडवून निघून गेले. कुतैबानं न सांगता आपली खुर्ची सरकवून घेतली.

पहिला सामना त्यांनी जिंकला. दुसरा हातातून निसटत गेला. शेवटच्या डावात तिचे चौघेही सोबती पडले. समोर तिघं, आणि इकडे एकटी रुदैना. सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर आता तिचीच नजर दिसत होती. एका दाराची कड, आणि त्या कडेवर तिचा नेम. पोरं ओरडायची थांबली. नेम तिथंच होता. एक जण दारातून डोकावला आणि पडला. दुसरा आला, तोही पडला. तिसरा मागच्या जिन्यानं आला. रुदैनाचा हात टेबलभर फिरला, पण ती पुरती वळायच्या आत त्यानं गोळी झाडली.

सामना गेला. ती हेडफोन काढून उठली. उस्ताद समोर उभे होते.

"पुढच्या वेळी माझी पाठ कुतैबानं सांभाळायची," ती म्हणाली. "आकडा हाच राहील."

"सांभाळेल," उस्ताद म्हणाले. "मी बसवून घेतो."

प्रेक्षकांत नवाफच्या शेजारी झरकाहून आलेला एक जाडजूड गृहस्थ बसला होता. जिंकलेल्या संघात त्याचा मुलगा होता. टाळ्या वाजवून त्याचे तळवे लाल झाले होते.

"आमचा पोरगा जिंकला, देवाची कृपा," तो नवाफकडे वळून म्हणाला. "पण ती पोरगी पाहिलीत? केवढा वेळ दारावर नेम धरून बसली, केसभर हलला नाही! हात आहे की दगड? कुणाची आहे कोण जाणे."

नवाफ अजून रिकाम्या पडद्याकडे बघत होते.

"माझी," ते म्हणाले. मग त्यांनी पुढे जोडलं, "हात माझ्यावर गेलाय."

आणि त्यांनी आपला उजवा हात त्या माणसापुढे केला.