गड्याचं अक्षर

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. देवानंद. त्याले अहो-जाहो करायची माही इच्छा आता राह्यली नाई.

मी सुवर्णा. धाड गावच्या बाजारावर जगणारं आमचं बारकं गाव, तिथली मी सरपंच होती. राखीव सीट निघाली म्हणून मले उभं केलं हे खरं, पण निवडून आल्यावर खुर्चीवर मीच बसली. ठराव मी सांगायची, पत्रं मी लिवायची, सही मी करायची. देवानंद बाहेरच्या बाकड्यावर तंबाखू मळत बसायचा. येणारे-जाणारे त्याले जय भीम घालत, तेवढ्यावर तो खूश.

माह्यं अक्षर मोठं हाये, दाबून लिवलेलं. माहा बाप बाजारात पोत्यायवर व्यापाऱ्यायची नावं ब्रशनं टाकायचा. शाळेतून आली की मी बी टाकायची. हात तसाच बसला. कागद उलटा करून बोट फिरवलं तं माह्यं अक्षर बोटाले लागते.

उपसरपंच महादेवरावानं शाळेच्या जागेत गोठा बांधला. काढा म्हणून मी त्याले नोटीस लिवली. गोठा काढायचा राह्यला बाजूले, हा बावा नोटीस घेऊन गावभर फिरला. म्हणे, हे का बाईचं अक्षर हाये? हे गड्याचं अक्षर. कारभार नवरा करते, बाई नुसती नावाले. अन् दिला ठोकून वर अर्ज, हिची सरपंचकी काढा म्हणून.

मले हसू आलं. देवानंदचं अक्षर कसं हाये ते मले ठाऊक होतं ना. बारीक, गोल, रांगोळीचे ठिपके मांडल्यावाणी. लग्न ठरल्यावर त्यानं चिठ्ठ्या धाडल्या, तवा माह्या मैतरणी म्हणत, याच्या बहिणीनं लिवल्या असतीन. शाळेत पोट्टे त्याले त्या अक्षरापायी बाई म्हणून चिडवत, हे त्यानंच मले सांगतलं होतं. तवापासून तो चारचौघात पेन हाती धरत नाई. मले तं ते अक्षर लय आवडलं होतं. येडीच मी.

चौकशीचे साहेब आले त्या दिवशी ग्रामपंचायतीत पाय ठेवायले जागा नव्हती. साहेब म्हणाले, सोपं आहे, नोटिशीतल्या ओळी दोघांनी आपापल्या कागदावर लिहून द्या. देवानंदच्या कपाळावर घाम आला. मी हळूच म्हटलं, लिवा, एकदाचं मिटू द्या. दोघायनंही लिवलं. शिपाई जानरावानं दोन्ही कागद उचलले अन् साहेबापुढं नेऊन ठेवले. नाव एकावरही नव्हतं.

कोणता कोणाचा हे साहेबानं विचारलं बी नाई. गोल अक्षराचा कागद उचलला अन् म्हणाले, हे मॅडमचं. मंग दुसरा उचलून नोटिशीजवळ धरला. हे यांचं, तंतोतंत जुळतंय, म्हणजे नोटीस नवऱ्यानंच लिहिली.

मी उठून उभी राह्यली. म्हटलं, साहेब, उलटं झालं. ते मोठं अक्षर माह्यं हाये.

मागून महादेवराव म्हणे, मंग ते नाजूक अक्षर कोणाचं, देवानंदबाईचं काय? सगळे हसले. साहेब बी हसले. मंग त्यायनं देवानंदलेच विचारलं, की तुम्हीच सांगा, यातलं तुमचं कोणतं?

एका कागदावर बोट ठेवायचं होतं. दुसरं काई नाई. माह्या सरपंचकीचा सगळा जीव त्या एका बोटात होता. एवढा संसार केला, दुखण्याखुपण्यात याच्या उशाशी बसली, मले वाटलं एवढं तं हा करनच. त्यानं महादेवरावाकडं पाह्यलं, हसणाऱ्या माणसायकडं पाह्यलं. माह्याकडं नाई पाह्यलं.

"मोठं माह्यं," तो म्हणाला.

कोणी थोबाडीत द्यावी तसं झालं मले. म्हटलं, द्या कागद, सगळ्यायसमोर लिवते. साहेबानं दिला. पण संतापानं हात असा कापे की पेन धरवेना. कापऱ्या हातानं दाब देता येत नाई. बारकं, वाकडंतिकडं काईतरी उमटलं. साहेबानं तो कागद उचलून लोकायले दाखवला.

"हे बघा," ते म्हणाले. "आता आलं बाईचं अक्षर."

माही सरपंचकी गेली. कारभार महादेवरावाकडं आला, गोठा अजून शाळेच्या जागेतच हाये. वरून देवानंदचं नाव झालं. काय अक्षर हाये म्हणे गड्याचं, काय दाब हाये. आता लोक अर्ज लिवायले त्याच्याकडंच येतात. नाई म्हणायची त्याची सोय राह्यली नाई. घरी लिवून ठेवतो म्हणते अन् कागद ठेवून घेते.

परवा मी भाकरी थापून राह्यली होती, तं देवानंद अर्जाचा कागद घेऊन चुलीपाशी आला. एवढं लिवून दे, म्हणे. माणसं सकाळी येतीन, मी काय तोंड दाखवू?

मी हात धुतले, कागद घेतला, पेन बी घेतलं.

"लिवते," म्हटलं. "पण त्या दिवशी तुह्यं अक्षर कोणतं होतं, तेवढं मले सांग."

घरात आम्ही दोघंच होतो. दार लोटलेलं होतं. तरी त्यानं सांगतलं नाई.