लुकलुकता चौकोन

या, असे जवळ सरकून बसा. टाळ जरा खाली ठेवा, बुवा पोचायला अजून वेळ आहे. तोवर मलकापूरच्या एका वजनकाट्याची गोष्ट सांगतो.

बीटी कपाशीलाही गुलाबी अळी लागली, त्या सालची ही गोष्ट. बियाण्याच्या पाकिटावर टपोरं बोंड आणि शेतातल्या बोंडात अळी! चित्रावरचा विश्वासच उडाला होता माणसांचा. नेमका तेव्हाच शंकरराव शेठच्या जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावर, वजनकाट्याचा कॉम्प्युटर बदलला. जुन्या काळ्या पडद्यावरचे मोठे हिरवे आकडे खिडकीबाहेरून वाचता यायचे. शेजारी एक हिरवा चौकोन. काटा हलतो तोवर तो लुकलुकायचा, ठरला की थांबायचा. तो थांबल्याशिवाय कापूसवाले गाडी हलवत नसत. नवा पडदा पांढराशुभ्र, आकडे बारीक, कोपऱ्यात फुलं. चौकोन गायब!

"काटा मारून राह्यले," कोणीतरी बोललं, आणि गाड्या दुसऱ्या जिनिंगकडे वळल्या.

काट्यावर बसायची कय्यूम मिस्त्रीची लेक शाइस्ता. शेठ तिला म्हणाले, "उद्याही गाड्या परतल्या, तर या काट्याच्या खोलीची किल्ली देऊन टाक पोरी."

तिने नव्याच प्रोग्रामला जुनं रूप चढवलं. काळा पडदा, जाड हिरवे आकडे, लुकलुकता चौकोनसुद्धा.

सकाळी पहिला ट्रॅक्टर पिंपळगाव राजाच्या पुंजाजींचा. गळ्यात माळ, नजर पडद्यावर. आकडा आला, पण चौकोन लुकलुकतच राहिला.

"हा थांबत काऊन नाही?"

"चाचा, तो नुसता दिसायले हाये. काटा ठरल्यावरच आकडा येते."

"दिसायले? पाकिटावरचं बोंडही दिसायलेच होतं, बाई!"

रांगेतले हसले. मागच्यांनी ट्रॅक्टर वळवायला घेतले. शाइस्ताचा चेहरा उतरला.

"खरं बोलले चाचा. खोटा चौकोन नाही ठेवत मी."

ती पुन्हा कॉम्प्युटरवर बसली आणि तिने चौकोन थेट काट्याशी जोडला. काटा हलला तर लुकलुकेल, ठरला तर थांबेल. सगळे पाहू लागले. पुंजाजी तर पार खिडकीला चिकटले.

चौकोन थांबेना.

"घ्या! आता त काटाच खोटा निघाला," रांगेतला जाकीर मागून ओरडला. गलका ऐकून आलेल्या शेठने हात पुढे केला. "किल्ली."

शाइस्ताने किल्ली मुठीत धरली आणि खिडकीतून बाहेर वाकून पाहिलं. पुंजाजींचा एक पाय ओट्यावर, दुसरा ट्रॅक्टर उभा होता त्या काट्याच्या लोखंडी पत्र्यावर. धास्तीने तोंडात नाम चाललेलं, आणि भजनाच्या सवयीने पाय ठेका धरून होता!

"चाचा, पाय काढा. तुमीच त काट्यावर हाये!"

पुंजाजींनी खाली पाहिलं, पाय उचलला. चौकोन थांबला.

"राहू द्याचा होता ना पाय," जाकीर म्हणाला. "कापूस तुमचाच भारी भरला असता!"

पुंजाजींनी दोन्ही कान पकडले. "नाही बाप्पा! कापसात माहं वजन नको. घे बाई, आता धर आकडा." मग वळून हाक दिली, "या रे परत! काटा खरा हाये, मीच हालून राह्यलो होतो."

शेठने हात मागे घेतला. गाड्या पुन्हा रांगेला लागल्या.

शाइस्ता आता लग्न होऊन दूर गेली. काट्यावर तो चौकोन अजून आहे. ते पाहा, बुवा आलेच. उचला टाळ. पण आज नामाला ठेका धराल तेव्हा आधी पायाखाली बघा, आणि कय्यूम मिस्त्रीच्या लेकीची एकदा आठवण काढा.