तेरा फोन आणि एक स्वयंपाकघर

"एमिल, दार लाव."

मी दार लावलं. कॉलीन कॉलेजच्या सगळ्या खेळांची प्रमुख, मी अमेरिकन फुटबॉलच्या संघाचा हाताखालचा कोच. एरवी तिचं दार सताड उघडं असतं.

"डेनीला काढलंय. सकाळीच सांगितलं त्याला. दहा सामन्यांत एक जिंकलो, विश्वस्त ऐकेनात. नवा मुख्य कोच मिळेपर्यंत संघ तू सांभाळ."

"आणि नवा आला की?"

"तो आपली माणसं घेऊन येईल." तिने एक यादी माझ्याकडे सरकवली. "पुढच्या वर्षी येतो म्हणालेली ही चौदा पोरं. आजच्या आज फोन कर. बातमी वाचून दुसरीकडे पळायच्या आत."

म्हणजे जिथून माझं बस्तान उठणार, तिथेच या म्हणून मी पोरांना गळ घालायची. आमच्या धंद्यात हे असंच असतं. मुख्य कोच गेला की हाताखालचे सगळे जातात. कॉलीनचा राग आला नाही. तिने निदान माझ्या तोंडाकडे बघून सांगितलं.

फोन एक.

"हो, डेनी गेला. कॉलेज आहे तिथेच आहे. नाही रे, हेल्मेटं नवीन येणार नाहीत. ते स्वप्न सोड."

फोन चार. पोराचा बाप.

"किती हरता हो तुम्ही?"

"मनापासून हरतो."

तो हसला. पोरगा येणार.

सात झाल्यावर एक फोन वाजला. हा मी केला नाही, मला आला. डेनी.

"बसलास का माझ्या खुर्चीत?"

"नाही. डुगडुगते ती."

"बावीस वर्षं डुगडुगतेय. लोरेनला सांगितलंस?"

"बायकोला घरी गेल्यावरच सांगेन."

"सॉरी रे एमिल. माझ्यापायी तूही चाललास."

पाइपांचा कारखाना बंद पडला तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो. रिकामा होतो, म्हणून शाळेतल्या पोरांना हा खेळ फुकट शिकवायचो. हा माणूस कुंपणाबाहेर तासभर उभा राहिला आणि मग म्हणाला, सोमवारपासून कॉलेजात ये. मागची बावीस वर्षं मला आवडतं ते काम करता आलं ते त्या तासामुळे. हे मी त्याला कधी बोललो नव्हतो. आज बोललो.

"यादी पुरी कर," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

चार वाजेपर्यंत तेरा झाले. अकरा येणार, दोघे बघतो म्हणाले.

चौदावा मी केला नाही.

इथे मला महिनाभर मागे जावं लागेल. ऑक्टोबरात मी टेरेल टिब्जच्या घरी गेलो होतो. पुढच्या रांगेत खेळणारा पोरगा. त्या रांगेतल्या पाच जणांच्या हातात चेंडू कधी येत नाही. ज्याच्या हातात असतो त्याच्यापर्यंत कोणी पोचू नये म्हणून हे धक्के खातात. मी शिकवतो ते यांनाच. पोराशी मैदानात बोलायचं, पण शब्द द्यायचा तो आईला, तिच्या स्वयंपाकघरात बसून, तिने वाढलेलं खाऊन. टेरेलची आई योलांडा शाळेची बस चालवते. तिने मॅकरोनी वाढता वाढता विचारलं, "गणिताचा वर्ग चुकवेल हा. तुम्ही असणार ना?"

"चारही वर्षं," मी म्हणालो.

ही चूक आम्ही सगळे करतो. करार एका वर्षाचा, शब्द चार वर्षांचा.

म्हणून फोन न करता चाळीस मैल गाडी हाकली.

योलांडाने दार उघडलं. मी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं.

"फोनवर सांगता आलं असतं."

"आलं असतं."

"म्हणजे खोटं बोललात माझ्याशी."

"तेव्हा खरं वाटत होतं, टिब्जबाई."

"माझा नवराही हेच म्हणायचा. आत या, थंडी शिरतेय घरात."

टेरेल भिंतीला टेकून उभा होता. एका मोठ्या कॉलेजाचं पत्र त्याला आलं होतं. "तुम्ही नाही, डेनी नाही. मग मी कशाला येऊ, कोच?"

"आमच्याकडे गणिताच्या एक बाई आहेत. दर मंगळवारी पोरांना घेऊन बसतात. ज्याला येत नाही त्याच्यावर कधी हसत नाहीत. माझी सात पोरं त्यांच्यामुळे पदवीधर झाली. सामने हरलो म्हणून त्यांना कोणी काढत नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"नवा कोच आला की त्याला इथे घेऊन या," योलांडा म्हणाली. "मग बघू."

नवा डिसेंबरात आला. नोल्टी, चौतीस वर्षांचा. माझ्याशी सहा मिनिटं बोलला.

"पुढच्या रांगेला शिकवायला माझा माणूस ठरलाय, सर. मनाला लावून घेऊ नका."

"नाही लावून घेत. एका घरी जेवायला यायचंय तेवढं. चाळीस मैल आहे."

योलांडाने त्याला पहिला घास घेऊ दिला आणि मग विचारलं, "तुम्ही तरी असणार ना चार वर्षं?"

नोल्टीने श्वास घेतला. शब्द देण्याआधीचा तो श्वास मला चांगला ठाऊक आहे. मी ताटात बघत राहिलो.

"माहीत नाही, बाई," तो म्हणाला. "जिंकलो तर दुसरे बोलावतील, हरलो तर हे काढतील. असेन तोवर मात्र याला वर्ग चुकवू देणार नाही."

योलांडा माझ्याकडे वळली. "पढवून आणलंत का यांना?"

"नाही."

"बरंय मग."

टेरेलने मोठ्या कॉलेजाचं पत्र फ्रिजवरून काढलं आणि घडी करून खिशात घातलं. परतताना गाडी नोल्टीने चालवली. मी त्याला बाकीच्या तेरा पोरांबद्दल सांगत गेलो. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाच्या बापाशी जपून बोलायचं. त्याने एकदाही मला मध्येच तोडलं नाही.

सप्टेंबर. हल्ली मी लाकडाच्या वखारीत कामाला आहे, शनिवारी सुट्टी. लोरेन आणि मी तिकीट काढून आमच्या कॉलेजच्या मैदानात गेलो. योलांडाने शेजारच्या जागेवरची पर्स उचलली आणि आम्ही तिथे बसलो.

वीस गुणांनी मागे असताना टेरेलला आत पाठवलं. तो खाली वाकला. समोरचा अंगावर आला तसा त्याने उजवा पाय टाकला, मग डावा, छोटा, पुन्हा उजवा. समोरचा मागे मागे जात राहिला आणि शेवटी दोघेही पडले. सगळीकडून आरडाओरडा झाला. योलांडा उभी राहिली.

"काय झालं?" मी लोरेनला विचारलं.

"अरे, चेंडू पंधरा यार्ड पुढे गेला. तू कुठे बघतोयस?"

टेरेल उठला आणि गुडघ्यावरचं गवत झटकून परत रांगेत गेला. मी त्याच्या पायांवरून नजर काढली नाही.