दहा सेकंदांची जोडी

कुलदीपला प्रोग्रामिंग येतं, असं कुलदीपचं मत होतं. घरात या मताला विरोध नव्हता, कारण घरात दुसऱ्या कोणाला ते येत नव्हतं. पवनीच्या बाजारात किराणा दुकान चालवणारे त्याचे वडील कृष्णराव गिऱ्हाइकांना मोठ्या अभिमानानं सांगत, "पोरगा कॉम्प्युटरचं करून राहिला." नेमकं काय करून राहिला हे गिऱ्हाईक विचारत नसे आणि कृष्णरावांना ठाऊक नसे.

पोरगा बघून राहिला होता. पुण्या-बंगलोरकडचे प्रोग्रामर हल्ली आपलं काम यूट्यूबवर लाइव्ह करतात. बोलत बोलत कोड लिहितात, चुकतात, चूक शोधतात, आणि शेकडो पोरं ते बघत बाजूच्या चॅटमध्ये प्रश्न विचारतात. शिकायची ही रीत वाईट नाही. सोबत स्वतःचा हात चालवला तर माणूस खरंच शिकतो. कुलदीपचा हात चालायचा तो चिवड्याच्या वाटीत. गादीवर लोळायचं, लॅपटॉप पोटावर घ्यायचा आणि दुसऱ्याच्या कामावर शेरे मारायचे, हा त्याचा अभ्यास. कोणी अडखळलं की तो लगेच लिहायचा, "भाई, इतना भी नहीं आता?"

त्याची आई मंदाबाई एकदा न राहवून म्हणाली, "बाबू, तू स्वतः कायी लिहत काहून नाही? नुस्ता पाहूनच राहते."

"तुले नाही समजत आई. पाहून पाहूनच डोकं तयार होते."

"अस्सं? मी त दहा वर्षांपासून टीव्हीवर डॉक्टरायची मालिका पाहून राहिली. उद्या कोणाचं पोट फाडू का?"

कुलदीप तिच्याकडे बघून नुसता हसला. आईच्या अकलेबद्दलही त्याचं मत कधीचं ठरलेलं होतं.

माघात गावाजवळ शंकरपट ठरला. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. एकेक जोडी मोकळ्या पट्टीवर सुटते, घड्याळावर सेकंद मोजतात, आणि ज्या जोडीला सगळ्यांत कमी वेळ लागतो ती पहिली. कृष्णराव पटाच्या कमिटीत होते. पट नुसता बैलांचा नसतो, पाव्हण्यारावळ्यांत सोयरिकीही तिथंच जुळतात. बपेऱ्याचे मारोतराव आपली नावाजलेली जोडी घेऊन येणार होते आणि सोबत मुलगी रिताला आणणार होते. रिता तुमसरला एम.एस्सी. करत होती. "पोरं एकमेकाले पाहून घेतील, जमलं त पुढं बोलू," असं मारोतरावांनी फोनवर सांगितलं होतं. कुलदीपनं रिताचा फोटो पाहिला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला कशावर शेरा मारावासा वाटला नाही. हे लग्न त्याला मनापासून हवं होतं. एवढी एक गोष्ट त्याच्यात खरी होती.

साहजिकच त्यानं कमिटीपुढे छाती काढली. "यंदा मोठा टीव्ही लावा. जोडी धावली की लगेच नंबर टीव्हीवर. बोर्ड मी बनवतो."

लाउडस्पीकरवर पुकारा करणारा मनिष म्हणाला, "आपुन फळ्यावर खडूनं लिवतोच ना बावा. त्यात कोनतं वाकडं हाये?"

"खडूचा जमाना गेला, मनिषभाऊ," कुलदीप म्हणाला.

बोललं तर गेलं, आता बनवणं आलं. शोधता शोधता त्याला बंगलोरचा एक दाढीवाला सापडला. तो शर्यतीच्या खेळासाठी असाच बोर्ड लाइव्ह लिहीत होता. कुलदीप प्रथमच गादीवर उठून बसला आणि त्याची ओळ न् ओळ उतरवू लागला. सगळं जमत आलं आणि क्रम लावायच्या वेळी दाढीवाल्याची यादी उलटीपालटी झाली. दाढीवाला थांबला, डोकं खाजवलं आणि सरळ म्हणाला, "यार, यह क्यों हो रहा है, मुझे नहीं पता. देखते हैं." मग तो शांतपणे चूक शोधत बसला आणि चॅटमधली पोरंही त्याच्यासोबत शोधायला लागली.

कुलदीपला किळस आली. चार आकडे ओळीनं लावता येत नाहीत आणि निघाला दुनियेला शिकवायला! "भाई, रहने दे, तेरे बस का नहीं," असं लिहून त्यानं व्हिडिओची खिडकी बंद केली. मग स्वतःचा उतरवलेला बोर्ड चालवून पाहिला. सात सेकंद, साडेसात, आठ, नऊ. सगळे शहाण्यासारखे ओळीत बसले. दहा टाकून बघावं असं त्याच्या डोक्यातही आलं नाही. पटाच्या मुलखात वाढलेल्या कोणाच्याच येणार नाही. दहा सेकंद लावणारी जोडी नांगराची, तिचा पटाशी काय संबंध, हे इथं शेंबडं पोरगंही सांगतं.

पटाच्या दिवशी मांडवात टीव्ही लागला. टीव्हीखालच्या टेबलावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपमागे काळा गॉगल लावलेला कुलदीप. जोडी धावायची, तो आकडा टाकायचा आणि नाव टीव्हीवर आपल्या जागी जाऊन बसायचं. म्हातारे टाळ्या वाजवत होते. मारोतरावांची जोडी सुटली ती वाऱ्यासारखी. सात पूर्णांक एकवीस! टीव्हीवर ते नाव सगळ्यांत वर चढलं. टेबलाजवळ वडिलांसोबत उभ्या असलेल्या रितानं आधी बोर्डाकडे पाहिलं, मग कुलदीपकडे, आणि ती किंचित हसली. कुलदीपला आभाळ ठेंगणं झालं.

शेवटी मंगरूची जोडी आली. मंगरू साधा धानकरी. बैल दुखण्यातून उठला तर त्याला पटात धाववीन, असा त्याचा नवस होता. बैल धावला खरा, पण मधेच थांबून त्यानं लोकांकडे निवांत पाहून घेतलं. दहा पूर्णांक चाळीस. सगळा पट हसला. कुलदीपनंही हसत हसत आकडा टाकला.

टीव्हीवर मंगरू पहिला आला. मारोतराव दुसरे.

झालं होतं एवढंच, की कॉम्प्युटर सेकंदांना आकडे न समजता नावांसारखं लावत होता. आधी पहिलं अक्षर बघायचं. दहातला एक हा सातच्या आधी येतो, म्हणून दहा वर. दाढीवाल्याची यादी याच पायी उलटली होती, आणि खिडकी बंद झाल्यावर थोड्याच वेळात त्याला ते सापडलंही होतं. दुरुस्ती एका शब्दाची होती.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. मंगरू बिचारा हात जोडून म्हणाला, "नाही बावा, माह्ये बैल त आत्ता पोचले." मनिष लाउडस्पीकरवर खोकला. मारोतराव मात्र रागावले नाहीत. मोठ्या मनाचा माणूस. ते म्हणाले, "चुकी होतच राह्यते. बाबू, तू दुरुस्त कर. आमी थांबतो, घाई नाही."

सगळा पट थांबला. लॅपटॉपवर जे उघडलं ते टीव्हीवर दिसू लागलं. कुलदीपनं कोड उघडला आणि शेकडो माणसं त्याचं काम लाइव्ह बघायला लागली.

तो वरून खाली गेला, खालून वर आला. त्यातली एकही ओळ त्याची नव्हती. एक शब्द पुसला, तर सगळा बोर्ड लाल झाला. घाईघाईनं तो परत टाकला.

"खालची ओळ पाय ना बे!" मागून कोणीतरी ओरडलं.

"सोपं हाये, मंगरूले खाली ओढ!"

"एवढं बी नाही येत का रे?"

ज्यांनी जन्मात कीबोर्डला बोट लावलं नव्हतं ते सगळे त्याला अक्कल शिकवत होते. "मले नाही समजून राहिलं," एवढे चार शब्द कुलदीप बोलला असता तर कोणी त्याला खाल्लं नसतं. मनिषनं खडू घेऊन फळा लिहिला असता, हसून विषय संपला असता. पण ते शब्द त्याच्या तोंडाला कधी लागलेच नव्हते. रिता दोन हात अंतरावर उभी होती. त्यानं पाय टेबलाखाली लांबवला, टीव्हीची वायर अंगठ्यात पकडली आणि ओढली. टीव्ही काळा झाला. त्यानं लॅपटॉप फटकन मिटला.

"लाइट गेली," तो म्हणाला. "आता का करता! झालंच होतं माह्यं."

आपल्याकडे लाइट गेली म्हटल्यावर पुरावा कोण मागतो? लोक सरकारला शिव्या देत उठले. कृष्णरावांच्या जिवात जीव आला. त्यांनी पाव्हण्यांना आणि कुलदीपला आग्रहानं मांडवाबाहेर नेलं आणि रसवंतीवाल्याला हाक मारली, "चार ग्लास!"

"पोरगा हुशार हाये," मारोतराव चालता चालता म्हणाले. "लाइटच गेली त तो तरी का करन?"

रसवंतीवाल्यानं बटण दाबलं. मोटर घरघरली आणि चरखा गरगर फिरायला लागला.

"पाय, आली!" मारोतराव खुशीत म्हणाले. "जाय बाबू, पुरं करून ये. मंग बसून बोलू."

कुलदीप जागचा हलला नाही.

"गेलीच नोहोती, बाबा," रिता म्हणाली. आवाज चढवला नाही, सांगायचं तेवढं सांगितलं. "यायनं पायानं वायर उपसली. मी पाहूनच राहिली होती."

कृष्णरावांनी मान खाली घातली. मारोतरावांनी कुलदीपकडे पाहिलं. मनात असतं तर खरं बोलायला तेव्हाही उशीर झालेला नव्हता.

"तो दाढीवालाच बोगस निघाला," कुलदीप म्हणाला. "त्यानंच चुकीचं शिकवलं."

"कोनता दाढीवाला?" मारोतराव चहूकडे बघत म्हणाले.

रिता तोवर रस तसाच ठेवून गाडीकडे चालायला लागली होती.