अब्बांची तब्येत एकदम ठीक

"मॅडम, पेशीला टेन्शन येतं का?"

वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावर सलोनीने तोंडात ओढणी कोंबली, कारण प्रश्न तिचाच होता. "हिंमत असेल तर विचारून दाखव," असं म्हणून तिने तो अरीबाच्या गळ्यात मारला होता. गेल्या वर्षीची अरीबा हजेरी देतानासुद्धा पुटपुटायची. पण वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तिची भीड अशी काही चेपली होती, की आता तिला गप्प बसवायलाच माणूस लागायचा.

दीप्ती मॅडम रागावल्या नाहीत. "येतं की! ऊन, पाण्याची कमतरता, जास्तीचं ओझं, सगळ्याचं येतं. पण ती तुमच्यासारखा गोंधळ घालत नाही. बाकीची कामं बाजूला ठेवते, बिघडलेली प्रथिनं दुरुस्त करते आणि आतला तोल सांभाळते. हृदयाचंच घ्या. रक्तदाब वाढला की जोर लावून लावून तिथल्या पेशी जाड होतात."

"मग चांगलंच की! हमालाच्या दंडासारखं," अरीबा म्हणाली.

"काही वर्षं चालतं. माणसाला काही जाणवतही नाही, आणि तीच तर भानगड आहे. जाड झालेलं हृदय हळूहळू कडक होतं, त्याला रक्त पुरेनासं होतं. मग ते थकतं."

मधल्या सुट्टीत सलोनीने पैजेचा वडापाव चारला. विषय तिथेच संपला असता. पण अरीबाच्या डोक्यात त्या दिवसांत एक वेगळाच किडा वळवळत होता. घरात काहीतरी शिजत होतं.

तिचे अब्बा, हसन, कुवेतला ट्रेलर चालवायचे. करार संपवून महाडला आले होते आणि आता पुन्हा जायच्या तयारीत होते. सुक्या जवळ्याशिवाय ज्यांना घास उतरत नसे ते अब्बा अचानक बिनमिठाचं जेवायला लागले होते. दुधीच्या रसाला जन्मभर 'गुरांचं पाणी' म्हणत आले, आता तोच नाक दाबून पीत होते. पहाटेची नमाज झाली की सावित्री नदीच्या काठाने फिरायला निघायचे. परत आले की जिन्यात मध्येच वाकून चपलेचा पट्टा नीट करत बसायचे. रोज! नव्या कोऱ्या चपलेचा! अरीबा खोलीत शिरली की अम्मीची कुजबुज बंद आणि "अभ्यास झाला का गो?" सुरू.

"दुसरं लग्न," सलोनीने निकाल दिला. "फिरणं, डाएट, कुजबुज. नवरदेवाची लक्षणं आहेत ही."

"अम्मीशीच कुजबुजून?"

"परवानगी मागत असतील!"

अरीबा खो खो हसली. तरी घरी गेल्यावर अब्बांनी केसांना कलप लावलाय का, ते तिने निरखून पाहिलंच. नव्हता लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती झोपेचं सोंग घेऊन पडून राहिली. अम्मीने गरम मसाल्याच्या डब्यातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि एक गोळी अब्बांच्या तळहातावर ठेवली. अम्मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली, तसा अरीबाने डबा उघडला. पाकीट ओळखीचं निघालं. खालच्या मजल्यावरचे अनिलकाका त्यांच्या प्रेशरच्या गोळ्या आणायला नेहमी तिलाच पिटाळायचे.

ती तडक खाली गेली. "काका, अब्बांना गोळ्या तुम्ही दिल्यात ना?"

"मी कशाला देऊ गोळ्या?" काका पेपरमागे लपले.

"मग त्या काय जिना चढून वर आल्या?"

काका ओशाळले. "सोमवारी मुंबईला कुवेतच्या नोकरीचं मेडिकल हाय त्याचं. माझ्या मशीनवर एकशेऐंशी दाखवलं गो. मेडिकल होईपर्यंत घेतोय, मग बंद. तिकडं जाणारे बरेच जण असंच करतात."

"बंद? आणि तिकडे गेल्यावर?"

"तिकडं कोण रोज मोजतंय?"

अरीबाला एकदम चपलेचा पट्टा आठवला. तो कधीच सुटलेला नव्हता. अब्बा जिन्यात दम खात होते.

दुपारी सगळे जेवायला बसले, तेव्हा तिने पाकीट ताटांच्या मधोमध ठेवलं. अब्बांनी अम्मीकडे पाहिलं. अम्मी भात चिवडत राहिली.

"कोणी सांगितला तुला?"

"मला संशय होताच."

"बापावर संशय घेतेस?"

"दुधी पिणाऱ्या बापावर घेते."

अम्मीला हसू फुटलं आणि लगेच विझलं.

"हे बघ," अब्बा समजुतीने म्हणाले, "चक्कर नाय, डोकं दुखत नाय. चार वर्षं झाली याला. शरीराला सवय झालीय."

"चार वर्षं? अम्मी, तुला माहीत होतं?"

अम्मीने पाण्याचा तांब्या उगाच पुढे सरकवला.

"सवय नाही, अब्बा. हृदय ओढून नेतंय कसंबसं. आतून जाड होत असेल, आणि तुम्हाला वाटतंय सगळं ठीक आहे."

"तुझी मॅडम डॉक्टर हाय काय?"

"नाही. म्हणून तर डॉक्टरला विचारायचंय. पण तुम्ही तर डॉक्टरलाच फसवायला निघालात."

"परत आले की नीट तपासू," अम्मी म्हणाली. तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास दिसत नव्हता.

"दोन वर्षांनी? तोवर त्या उन्हात, ट्रेलरवर, बिनगोळीचे?"

अब्बांनी हात धुतला. "नापास झालो तर नोकरी गेली. एजंटाने दुसरा माणूस तयार ठेवलाय. मग तुझं पुण्याचं कॉलेज?"

पुण्याला जाणार, हे अख्ख्या बिल्डिंगला तीच सांगत सुटली होती. तिने अब्बांकडे पाहिलं. बसल्या जागी, नुसतं एवढं बोलून त्यांना धाप लागली होती आणि ती लपवायला ते ओठ मिटून नाकाने श्वास घेत होते.

"सोमवारी मी तुमच्याबरोबर मुंबईला येतेय," ती म्हणाली. "अम्मी, माझाही डबा भर. डॉक्टर मशीन लावतील, आकडा मस्त येईल. मग मी सांगणार, गोळ्या कोणाच्या चालल्यात आणि दुखणं किती जुनं आहे ते. बाहेर बसवलंत तर दारातून ओरडून सांगेन. नोकरी गेली तर जाऊ दे, पुणंही राहू दे. माझं ठरलंय."